संध्याकाळचा कथालेखन वर्ग: बारा आठवड्यांत नेमकं काय हाती लागतं?

अर्धविराम

ठाण्यात घराजवळच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कथालेखनाचा वर्ग सुरू होतोय. दर बुधवारी संध्याकाळी ७ ते ९, एकूण १२ आठवडे, बॅच १६ जणांची. नोकरीमुळे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा वेळ नसतो. फी भरण्याआधी जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

१. १६ जणांची बॅच जास्त होते का? चौकशीला गेल्यावर काय विचारावं?
२. "भाषा छान आहे, पण कथा घडत नाही" हा शेरा अनेकदा मिळतो. म्हणजे कागदावर नेमकं काय चुकलेलं असतं? खाली एका कथेची सुरुवात देतोय, तिच्यावरच बोललात तर फार बरं.
३. आठवड्याला घरी किती लिहिणं झेपेल?

ही ती सुरुवात:

"आई रोज पहाटे साडेपाचला उठायची. अंगण झाडायची, रांगोळी काढायची. दूधवाला आला की दोन पिशव्या घ्यायची आणि कॅलेंडरवर लिहायची. दादा पुण्याला गेल्यापासून तिला फार एकटं वाटायचं. घर तिला खायला उठायचं. ती कुणाशी फारसं बोलायची नाही."

---

वेलांटी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

बॅच मोठी की लहान ते हिशोब मांडूनच ठरवा. दीड हजार शब्दांची कथा शांतपणे मोठ्याने वाचायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. तिच्यावर धड चर्चा व्हायची तर आणखी वीस-पंचवीस. म्हणजे एका कथेला चाळीस मिनिटांच्या आसपास. दोन तासांच्या वर्गातली सुरुवातीची दहा मिनिटं लोक येऊन बसण्यात जातात. उरलेल्या वेळात दोन कथा होतात आणि शिकवायला अर्धा तास राहतो. पहिले तीन बुधवार सरावाचे आणि शेवटचा समारोपाचा धरला तर मधे आठ बुधवार, म्हणजे सोळा पाळ्या. सोळा जणांत प्रत्येकाला बरोबर एक.

एक पाळी कमी पडते. चर्चेनंतर सुधारलेला मसुदा पुन्हा त्याच लोकांपुढे वाचला जातो, तेव्हाच कळतं की बदल जमला की नाही. त्यासाठी माणशी दोन पाळ्या हव्यात.

पण बॅच कमी न करताही मार्ग निघतो. कथा दोन दिवस आधी, सोमवारी, सगळ्यांना मिळाल्या पाहिजेत, आणि वर्गात फक्त पहिलं पान मोठ्याने वाचायचं. मग एका कथेचं काम पंचवीस मिनिटांत होतं, एका संध्याकाळी तीन कथा बसतात आणि पाळ्या चोवीस होतात. निम्म्या लोकांना तरी दुसरी पाळी मिळते. आयोजकांना थेट विचारा: कथा आधी वाटणार का, आणि वेळापत्रकात पुनर्लेखनाला जागा आहे का? बाराही आठवड्यांपुढे नुसती व्याख्यानांची नावं लिहिलेली असतील (कथेचे घटक, कथेचा इतिहास, पाहुण्या लेखकाशी गप्पा), तर तो वर्ग कथेबद्दलचा आहे. तोही ऐकण्यासारखा असतो, पण तुमचा दुसरा प्रश्न त्यातून सुटणार नाही.

आणखी एक विचारा. शिकवणारे कागदावर खुणा करून मसुदा परत देतात का? तोंडी बोललेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं. समासात "इथे मी थांबलो" एवढं लिहिलेलं असलं तरी ते महिनाभर उपयोगी पडतं. त्यासाठी तुम्हीही मसुदा १४ आकाराच्या अक्षरात, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, डावीकडे रुंद समास सोडून छापून न्या. दीड हजार शब्दांना पाच-सहा कागद लागतील.

---

कानामात्रा

"कथा घडत नाही" याचं उत्तर तुमच्या क्रियापदांत आहे. सहा वाक्यांत आठ मुख्य क्रियापदं आहेत: उठायची, झाडायची, काढायची, घ्यायची, लिहायची, वाटायचं, (खायला) उठायचं, बोलायची नाही. आठही रीतीची. मराठीत "यायची" म्हणजे वारंवार, नेहमी. "आली" म्हणजे एकदा, त्या वेळी. तुमच्या परिच्छेदात एकही गोष्ट एकदा झालेली नाही, मग वाचकाला घडलेलं दिसणार कुठून?

पहिल्या मसुद्यात हे फार जणांकडून होतं आणि त्याला कारण आहे. माणूस आठवणीतून लिहितो, आणि आठवण सगळे दिवस एकत्र करून ठेवते. वर्षभराच्या सकाळी मिळून एक सकाळ होते. कथेला त्यातली एकच सकाळ सुटी करून लागते.

करून बघायची पद्धत सोपी आहे. पेन्सिलीने प्रत्येक "यचा, यची, यचं" आणि "त असे" याखाली रेघ मारा. पहिल्या पानावर सलग रेघाच दिसल्या, तर जिथे पहिल्यांदा "त्या दिवशी" किंवा "एकदा" हा शब्द आलाय ती जागा शोधा. बहुतेक मसुद्यांत तो दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सापडतो. कथा तिथून सुरू होते. आधीचं सगळं बाजूला काढून ठेवा, फाडू नका. त्यातली तीन-चार वाक्यं पुढे लागतील.

तुमच्याच सामानातून एक सकाळ वेगळी काढली तर अशी होईल:

"दूधवाल्याने नेहमीसारख्या दोन पिशव्या पुढे केल्या. आईने एकच घेतली.
'दादा गावाला गेले का?'
'हो.'
'मग किती दिवस एकच देऊ?'
आईने त्याच्याकडे पाहिलं. हात पुढे करून दुसरी पिशवीही घेतली. आत येऊन कॅलेंडरवर आजच्या चौकोनात रोजच्यासारखं '२' लिहिलं."

इथे आईने दोन निर्णय घेतले आणि दुसऱ्याने पहिला फिरवला. "किती दिवस?" या साध्या, व्यवहाराच्या प्रश्नाने तो फिरला, कारण आकडा सांगणं म्हणजे मुलगा गेल्याचं कबूल करणं. "एकटं वाटायचं" आणि "घर खायला उठायचं" ही दोन्ही वाक्यं आता लागत नाहीत. शिवाय दुसरं तर वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे. ते कुठल्याही आईला, कुठल्याही घरात चिकटतं. कॅलेंडरवरचं "२" मात्र याच घरातलं.

आणखी एक फायदा झाला. आता रोज एक पिशवी जादा येणार. तिचं काय होतं? पहिल्या दिवशी विरजण लागेल, दुसऱ्या दिवशी खीर होईल. चौथ्या दिवसापर्यंत चार जादा पिशव्या झाल्या, शेजारच्या घरी नेऊन द्यायची वेळ आली, म्हणजे शेजारणीला कारण सांगायची वेळ आली. कथेला पुढचे प्रसंग आपोआप मिळाले. ज्या प्रसंगातून पुढचा निघत नाही तो कितीही सुंदर लिहिला तरी लेख होतो.

रीतीची क्रियापदं वाईट आहेत असं मात्र समजू नका. त्यांची जागा मोडणाऱ्या गोष्टीच्या शेजारी असते. "बावीस वर्षं या घरात दोन पिशव्या यायच्या" हे एक वाक्य वरच्या प्रसंगानंतर टाका, लगेच वजन येईल. नियम आधी आठ ओळी सांगितला तर तो कंटाळवाणा होतो. मोडल्यावर एका ओळीत सांगितला तर पुरतो.

तसंच "होता, होती"चं. मागची हकीकत सांगताना पहिल्या दोन क्रियापदांना "गेला होता, म्हणाला होता" ठेवा आणि मग साध्या भूतकाळात उतरा: गेला, म्हणाला, हसला. वाचकाला काळ कळलेला असतो. पानभर "होता" चालवला की ते अहवालासारखं वाचलं जातं. परत वर्तमान प्रसंगात येताना मात्र एक ठोस खूण द्या, कुकरची शिट्टी, दारावरची कडी, काहीही, नाहीतर वाचक मागेच राहतो.

---

तिसरी_घंटा

कानामात्रा यांच्याशी सहमत, पण त्याही आधी एक निर्णय घ्यावा लागेल आणि तो तुम्ही नकळत घेऊन टाकलाय.

तुम्ही "आई" आणि "दादा" लिहिलंत. मराठीत नात्याचा शब्द वापरला की सांगणारा ठरतो. ही गोष्ट त्या घरातलं धाकटं भावंड सांगतंय. पण ते भावंड आहे कुठे? पहाटे साडेपाचला ते घरात असेल तर आई एकटी कशी? तेही बाहेरगावी असेल तर पिशव्यांचा हा प्रसंग त्याला दिसला कसा? वाचक हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही. त्याला फक्त कथा खोटी वाटू लागते.

दोन मार्ग आहेत. एक, भावंडाला त्या घरात आणा: दहावीतली मुलगी, अभ्यासाला उठलेली, जिन्यावरून हे बघणारी. मग कथा बदलते. घरात एक मूल असूनही आई गेलेल्याच्या नावाने दूध घेते, हे त्या मुलीला कसं लागतं? खरं तर ही जास्त चांगली कथा आहे. दुसरा, तृतीयपुरुषी निवेदन घ्या आणि नावं द्या: "सुमतीने एकच घेतली", "विजय पुण्याला". मग सुमतीच्या मनातलं सांगता येतं, पण त्याच प्रसंगात दूधवाल्याच्या मनात शिरायचं नाही. एका प्रसंगात एकच डोकं. डोकं बदलायचं असेल तर ओळ सोडून नवा प्रसंग.

"मी"ने लिहिणार असाल तर हेही लक्षात असू द्या: मराठीत "आले, गेले, बसते" अशा पहिल्या क्रियापदालाच निवेदक बाई की पुरुष ते उघड होतं. "मी खाली आले." इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे दोन पानं लपवता येतं, आपल्याला ते अवघड. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत "मी"चं असं एक क्रियापद येऊ द्या. ते उशिरा आलं तर वाचकाने तोवर मनात दुसरंच माणूस उभं केलेलं असतं.

---

निळी_शाई

तिसरी_घंटा, छोटी दुरुस्ती. कोल्हापूर भागात अनेक बायका स्वतःबद्दल "मी येतो", "मी आलो" असंच बोलतात. तिथली निवेदक घेतली तर क्रियापदावरून बाई ओळखू येणार नाही, आणि बाहेरच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटेल. अशा वेळी दुसऱ्या पात्राने तिला हाक मारलेली लवकर दाखवावी. "अगं" एवढा शब्द पुरतो.

बाकी "सांगणारा कोण" हा मुद्दा संवादालाही लागू आहे. वरच्या नमुन्यात दूधवाल्याच्या तोंडीही "दादा" आहे. तो मुलाला खरोखर काय म्हणेल? "विजूभाऊ" म्हणाला तर तो मुलगा शाळेत असल्यापासून येतोय. "साहेब" म्हणाला तर मुलाला नोकरी लागल्यावर त्याने आपणहून अंतर धरलंय. "तुमचा मोठा" म्हणाला तर त्याला नाव माहीत नाही. एका संबोधनात किती वर्षांची ओळख आहे ते सांगून होतं. तसंच तो आईला "काकू" म्हणतो, "मावशी" म्हणतो की "बाई", हे ठरवा आणि कथाभर तेच ठेवा. मधेच बदललं तर ती घटना ठरते, म्हणून मुद्दाम हवं तेव्हाच बदला.

मराठीत ही फार मोठी सोय आहे आणि नवे लेखक ती वाया घालवतात. नवी सून पहिले सहा महिने सासरच्या रिवाजाला "तुमच्याकडे" म्हणते आणि एक दिवस सहज "आपल्याकडे" म्हणून जाते. कथेतलं वळण तेवढ्यात होऊ शकतं. तीच पुन्हा माहेरच्या माणसांशी बोलताना "आमच्याकडे" म्हणाली, तर आता कोणतं घर तिच्या मनात आहे हा प्रश्न उभा राहतो. "अहो"चं "अरे" होणं, भांडणात "तू"वरून "तुम्ही"वर जाणं, याही तशाच जागा. यांना विशेषण जोडू नका. "ती थंडपणे 'तुम्ही' म्हणाली" यातलं "थंडपणे" वाचकाचं काम हिरावून घेतं.

बोलीबद्दल एक-दोन गोष्टी. जी बोली कानावर पक्की आहे तीच लिहा. पात्र सांगली-साताऱ्याकडचं असेल तर "न्हाई", "व्हय" अशी चार-पाच रूपं ठरवून एका कागदावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. प्रत्येक शब्द वाकवायला गेलात की वाचक अर्थ लावण्यात अडकतो आणि माणूस दिसेनासा होतो. दूधवाला हिंदी बोलणारा असेल तर त्याला सरळ हिंदी वाक्य द्या. मोडक्या मराठीची चेष्टा करून पात्र उभं राहत नाही.

लेखनात निवेदन "केले, असे" अशा रूपांत ठेवायचं की "केलं, असं", ते पहिल्या पानावर ठरवा. पात्रांच्या तोंडी "केलं, असं" साहजिकच. निवेदनात दोन्हींची सरमिसळ झाली की ती मुद्रितशोधकाला सगळ्यात आधी दिसते. "उद्गारली, उत्तरला" यांच्याऐवजी साधं "म्हणाली, म्हणाला" वापरा. दोघंच बोलत असतील तर तीन-चार ओळींपर्यंत तेही लागत नाही.

---

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. रेघा मारून बघितल्या, दुसरं पान संपेपर्यंत "यचा-यची"च आहे. दहावीतल्या मुलीच्या "मी"ने लिहायचं ठरवतोय.

आणखी दोन शंका. वर्गात सोळा जण सोळा सूचना करतील, त्यातल्या घ्यायच्या कोणत्या? आणि वाचून झाल्यावर लेखकाने उत्तरं द्यायची की नाहीत?

---

वेलांटी

उत्तरं द्यायची नाहीत. चर्चा संपेपर्यंत लेखकाने गप्प राहायचं, हा नियम वर्गात नसेल तर स्वतःपुरता पाळा. तुम्ही "म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं" असं समजावलंत की समोरच्याला कळतं, पण कागदावर ते नसतंच. छापलेल्या कथेसोबत तुम्ही वाचकाच्या घरी जाणार नाही.

लोकांना "आवडली का" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. कथेच्या शेवटच्या पानाखाली तीन प्रश्न छापून न्या: कुठे वाचताना थांबलात किंवा मागे जावं लागलं? आईला काय हवं आहे असं तुम्हाला वाटलं? शेवटी नेमकं काय झालं, एका वाक्यात सांगा. तिसऱ्या प्रश्नाला सहा जणांची सहा वेगळी उत्तरं आली तर शेवट धूसर आहे. सहांनी एकच सांगितलं आणि ते तुमच्या मनातलं नव्हतं, तर गडबड अलीकडे कुठेतरी आहे. बहुधा मधल्या प्रसंगात एक दुवा तुमच्या डोक्यात राहिलाय आणि कागदावर उतरलेला नाही.

सूचना आणि अडचण वेगळ्या लिहा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "कुठे अडलं", उजवीकडे "काय करा म्हणाले". डावी बाजू जवळजवळ नेहमी खरी असते. एकाच ओळीवर तीन जण अडले असतील तर ती ओळ बदलायचीच. उजवी बाजू ही ज्याची त्याची स्वतःची कथा असते. "दादाचा अपघात दाखवा" असं कुणी म्हणालं, तर त्याला मधे काही घडत नाही असं वाटलं एवढंच घ्या, अपघात घेऊ नका.

मग दोन दिवस मसुद्याला हात लावू नका. नंतर दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी प्रसंग (कोणता काढायचा, कोणता पुढे-मागे), मग सांगणारा कोण, मग संवाद, मग वाक्यं, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर घासूनपुसून ठेवलेला परिच्छेद काढवत नाही, आणि तो काढायलाच हवा असतो.

---

कानामात्रा

तिसरा प्रश्न राहिलाच. आठवड्याला चाळीस मिनिटांच्या तीन बैठका ठेवा, एका बैठकीत साडेतीनशे ते चारशे शब्द. दहा-बारा दिवसांत दीड हजाराचा कच्चा मसुदा होतो. वर्गाच्या दिवशी लिहू नका, त्या रात्री फक्त वहीतली डावी बाजू नीट उतरवून काढा. लोकलमध्ये उभ्याने लिहिता येत नाही, पण छापलेला मसुदा हातात असेल तर रेघा मारता येतात.

फोनला बोलून लिहिण्याची सोय संवादांसाठी चांगली आहे, बोलण्याची लय मिळते. निवेदन तसं लिहिलं की वाक्यं लांबतात आणि विरामचिन्हं घरी बसून घालावी लागतात.

प्रत्येक मसुदा एकदा मोठ्याने वाचा आणि "ऊन"कडे लक्ष द्या. "दार उघडून, पिशवी घेऊन, आत येऊन, पातेलं काढून तिने दूध तापवलं." एका वाक्यात दोनपेक्षा जास्त "ऊन" आले की श्वास तुटतो आणि सगळ्या कृती एकाच वजनाच्या होतात. त्यातली जी महत्त्वाची, तिला स्वतःचं क्रियापद आणि पूर्णविराम द्या.

वर्ग सुरू होण्याआधी एक सराव करून जा: एक खोली, दोन माणसं, एक वस्तू, दहा मिनिटांचा अवधी, चारशे शब्द. वस्तू सुरुवातीला एकाकडे, शेवटी दुसऱ्याकडे. भावनेचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही.

---

निळी_शाई

दिवाळी अंकांचा विचार मनात असेल तर तारखा आत्ताच बघून ठेवा. १९०९ साली "मनोरंजन" मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही नव्या कथाकाराला सगळ्यात मोठी दारं उघडते, पण बरेच अंक साहित्य जून-जुलैच्या सुमारास मागवतात. गणपती झाल्यावर पाठवलेली कथा वाचली जाण्याची शक्यता कमी. साधारण अडीच ते साडेतीन हजार शब्दांची कथा अंकात सहज बसते, म्हणजे वर्गातली दीड हजाराची वाढवावी लागेल. ती वाढ नव्या प्रसंगाने करा, वर्णनाने नको. फाइल युनिकोडमध्ये द्या, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताना जोडाक्षरं फुटतात. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. दोन महिने उत्तर आलं नाही तर एक नम्र विचारणा करा, आणि "नाही" कळल्यावरच ती दुसरीकडे पाठवा.

दहावीतल्या मुलीने सांगितलेला मसुदा तयार झाला की पहिलं पान इथे टाका. जिन्यावरून तिला कॅलेंडर दिसतं का, तेवढं मात्र आधी तपासून घ्या.